एक्स दुसऱ्या राज्यात गेला, चाइल्ड सपोर्टचं आता काय?

एका मैत्रिणीचा रात्री साडेदहाला फोन आला. घटस्फोट न्यू जर्सीत झालेला, मुलगी तिच्याकडे, चाइल्ड सपोर्टची, म्हणजे मुलीच्या खर्चासाठी वडिलांनी द्यायच्या पैशांची ऑर्डर तिथल्याच कोर्टाची. आधीच्या नवऱ्यानं टेक्सासात नोकरी धरली आणि जाता जाता ऐकवलं, "तिकडचे नियम वेगळे आहेत. तिथल्या कोर्टात गेलो की रक्कम अर्धी होईल, बघशील तू."

धमकी अगदीच हवेतली नव्हती. अमेरिकेत राज्याराज्यांची गणितं खरोखर वेगळी आहेत. टेक्सास पैसे देणाऱ्याच्या निव्वळ उत्पन्नाचे टक्के धरतं: एका मुलाला २०, दोघांना २५, तिघांना ३०. न्यू जर्सीत आई-वडील दोघांची मिळकत एकत्र मांडून त्यातून ज्याचा त्याचा वाटा काढतात, आणि बहुतेक राज्यांची पद्धत हीच आहे. तीच माणसं, तेच पगार, तरी आकडा वेगळा येऊ शकतो. पण माणूस टेक्सासला गेला म्हणून ऑर्डर काही त्याच्या सामानाबरोबर ट्रकमध्ये चढत नाही. ती न्यू जर्सीचीच राहते.

त्यानंतरचे काही महिने मी तिच्याबरोबर हे सगळं शिकले. मी वकील नाही, पण यातले कागद आता मला चांगले ओळखीचे झाले आहेत.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो. ठरलेले पैसे वसूल कोण करणार, हा एक प्रश्न. ठरलेली रक्कम बदलणार कोण, हा दुसरा. वसुली कुठलंही राज्य करू शकतं, आणि दुसऱ्या राज्याची ऑर्डर असली तरी त्याला ती करावीच लागते. रक्कम बदलायचा अधिकार मात्र एका वेळी एकाच राज्याकडे असतो.

पूर्वी असं नव्हतं. बाप राज्य बदलायचा, नवं राज्य आपली नवी ऑर्डर काढायचं, आणि एकाच मुलासाठी दोन-तीन ऑर्डरी वेगवेगळ्या आकड्यांच्या चालू राहायच्या. म्हणून १९९२ मध्ये 'युनिफॉर्म इंटरस्टेट फॅमिली सपोर्ट अ‍ॅक्ट' हा नमुना कायदा तयार झाला. कोर्टात त्याला सगळे 'युइफ्सा' म्हणतात. १९९४ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकन संसदेनं, एका राज्याची सपोर्ट ऑर्डर दुसऱ्यानं मानलीच पाहिजे असा केंद्रीय कायदा केला आणि १९९६ मध्ये सगळ्या राज्यांना युइफ्सा स्वीकारणं भाग पाडलं. त्यामुळे खालचा सांगाडा सगळीकडे जवळपास सारखा आहे. फॉर्मची नावं आणि ऑफिसं तेवढी बदलतात.

पायरी १: कागदावर तीन पत्ते लिहा

एक कोरा कागद घ्या. ऑर्डर कुठल्या राज्याची ते वर लिहा. खाली तीन पत्ते: आईचा, वडिलांचा, मुलाचा. आज प्रत्यक्ष राहतात ते, लायसन्सवर छापलेले नव्हेत.

तिघांपैकी एक जण जरी ऑर्डर काढणाऱ्या राज्यात राहत असेल, तर रक्कम बदलायचा अधिकार त्याच राज्याकडे. माझ्या मैत्रिणीचं हेच होतं. ती आणि मुलगी न्यू जर्सीतच होत्या, त्यामुळे टेक्सासच्या कोर्टाला रकमेला हात लावता येणार नव्हता. दोघांनी मिळून लेखी संमती दिली तरच दुसरं राज्य ते काम घेऊ शकतं. अशी संमती कुणी कागदपत्रांच्या गठ्ठ्यात घालून सहीला पाठवली, तर आधी वकिलाला दाखवा.

तिघंही ते राज्य सोडून वेगवेगळ्या राज्यांत गेले असतील तर नियम गमतीचा आहे. ज्याला बदल हवा त्यानं समोरच्याच्या राज्यात जायचं. समजा ऑर्डर न्यू जर्सीची, वडील टेक्सासात, आई आणि मूल इलिनॉयमध्ये. वडिलांना रक्कम कमी करून हवी असेल तर त्यांनी इलिनॉयचं दार ठोठवायचं. आईला वाढवून हवी असेल तर तिनं टेक्सासचं. घरच्या मैदानावर कुणालाच खेळता येत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलं आहे. नाहीतर सोयीचं राज्य बघून तिथे बिऱ्हाड हलवायचं आणि लगेच अर्ज टाकायचा, असाच उद्योग लोकांनी केला असता.

आई-वडील दोघं एकाच नव्या राज्यात येऊन राहिले आणि मूलही जुन्या राज्यात नसेल, तर नवं राज्य बदल करू शकतं.

इथे तारखेला फार महत्त्व आहे. कोण कुठे राहतं हे अर्ज दाखल केला त्या दिवशीचं बघतात. म्हणजे समोरचा आधीच गेलाय, आता तुम्हीही मुलासकट निघणार आहात, आणि रक्कम वाढवून घ्यायची आहे, तर सामान बांधण्याआधी अर्ज टाका. अर्ज पडला त्या दिवशी तुम्ही तिथे राहत असलात की पुरे. निघून गेल्यावर जाग आली तर तोच अर्ज घेऊन समोरच्याच्या राज्यात जावं लागेल. इतकी साधी गोष्ट, पण मी बघितलेल्या लोकांपैकी निम्म्यांनी नेमकी हीच संधी घालवली.

न बदलणाऱ्या दोन गोष्टी

पहिली, सपोर्ट किती वर्षांपर्यंत द्यायचा ती मुदत. रक्कम बदलायचा अधिकार रीतसर दुसऱ्या राज्याकडे गेला तरी मुदत मूळ राज्याचीच राहते. न्यूयॉर्कमध्ये सपोर्ट २१ वर्षांपर्यंत असतो. टेक्सासात साधारण १८ पर्यंत, किंवा हायस्कूल संपेपर्यंत. इंडियानात १९. न्यूयॉर्कची ऑर्डर घेऊन सगळं कुटुंब टेक्सासला गेलं, तरी मुलगा १८ चा झाला म्हणून पैसे थांबत नाहीत. उलटही खरं: टेक्सासची ऑर्डर न्यूयॉर्कला नेऊन तीन वर्षं जास्त मिळवता येत नाहीत.

दुसरी गोष्ट जोडीदाराची पोटगी, म्हणजे ॲलिमनी. ती बदलायचा अधिकार ती ऑर्डर संपेपर्यंत मूळ राज्याकडेच राहतो, मग सगळे गाव सोडून गेले तरी.

पायरी २: पैसे सरकारी खिडकीतूनच

प्रत्येक राज्यात सपोर्टचे पैसे घेऊन पुढे पाठवणारं एक केंद्र असतं, 'स्टेट डिस्बर्समेंट युनिट'. ऑर्डरमध्ये पैसे तिथे भरा असं लिहिलं असेल तर तिथेच भरा. राज्य बदलल्यावर लोक आपसात ठरवतात, की "मी झेलनं (फोनवरून थेट बँकेत पैसे पाठवायची सोय) पाठवत जाईन, कशाला मधे सरकार?" पुढे वाद झाला की सरकारी खात्यात त्या महिन्यांपुढे शून्य दिसतं. पाठवलेले पैसे सपोर्टचेच होते, वाढदिवसाची भेट किंवा फीची परतफेड नव्हती, हे मग सिद्ध करत बसावं लागतं.

नवा पत्ता आणि नवी नोकरी दोघांनीही आपल्या केसवर्करला, म्हणजे चाइल्ड सपोर्ट एजन्सीत आपली केस बघणाऱ्याला, लेखी कळवायची. देणाऱ्यानं तर आवर्जून. नव्या कंपनीतून कपात सुरू होईपर्यंत मधे एक-दोन पगार तसेच निघून जातात. त्या काळातले हप्ते स्वतः भरावे लागतात. "कंपनीनं कापलेच नाहीत" हे उत्तर चालत नाही.

पायरी ३: पगारातून कपात, हा सगळ्यात जवळचा रस्ता

समोरचा पगारदार असेल तर परराज्यातल्या कोर्टात जायच्या आधी हे करून बघा. 'इन्कम विथहोल्डिंग फॉर सपोर्ट' हा देशभर चालणारा एकच छापील फॉर्म आहे. युइफ्साप्रमाणे तो दुसऱ्या राज्यातल्या कंपनीला थेट पाठवता येतो. तिकडच्या कोर्टात आधी ऑर्डर नोंदवायची गरज नाही. फॉर्म नीट भरलेला आणि वरवर रीतसर दिसत असेल तर कंपनीनं तो आपल्याच राज्याच्या कोर्टाचा असल्यासारखा मानायचा असतो. नोकरदाराला हरकत असेल तर ती त्यानं कोर्टात मांडायची, कंपनीत पगार काढणाऱ्या बाईंशी भांडून नव्हे.

किती आणि कुठपर्यंत कापायचं हे मूळ ऑर्डरप्रमाणे. एका पगारातून जास्तीत जास्त किती कापता येईल, हे नोकरी ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे. त्यावर केंद्राची कमाल मर्यादा आहे: देणारा दुसरं कुटुंबही पोसत असेल तर कर वगैरे वजा जाता उरलेल्या पगाराच्या ५० टक्के, नसेल तर ६०. बारा आठवड्यांहून जुनी थकबाकी असली की दोन्हींत ५ टक्के वाढतात.

नवी कंपनी कुठली हेच माहीत नसेल तर? माणूस कामावर घेतला की कंपनीला २० दिवसांच्या आत राज्याला कळवावं लागतं, आणि ती माहिती पुढे 'नॅशनल डिरेक्टरी ऑफ न्यू हायर्स'मध्ये जाते. सपोर्ट एजन्सीला ती बघता येते, तुम्हाआम्हाला नाही. एजन्सीकडे केस उघडण्याचं हे एकच कारणसुद्धा मला पुरेसं वाटतं. स्वतःचा धंदा असलेल्या किंवा कॉन्ट्रॅक्टवर फिरणाऱ्या माणसापुढे मात्र हा रस्ता संपतो. त्याच्यासाठी पुढची पायरी.

पायरी ४: ऑर्डर तिकडच्या राज्यात नोंदवणं

बँक खातं, घर, गाडी यांवर हात टाकायचा असेल किंवा समोरच्याला कोर्टात उभं करायचं असेल, तर ऑर्डर त्याच्या राज्यात वसुलीसाठी नोंदवावी लागते. लागणारे कागद असे:

• नोंदणीची विनंती करणारं पत्र
• ऑर्डरच्या दोन प्रती, त्यातली एक प्रमाणित. मधे ऑर्डर बदलली असेल तर तो बदलही जोडायचा
• थकबाकी किती हे शपथेवर लिहिलेलं निवेदन किंवा रेकॉर्ड ठेवणाऱ्या ऑफिसचा प्रमाणित उतारा
• समोरच्याचं नाव, आणि माहीत असेल तेवढं: पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर, कंपनी, मालमत्ता
• तुमचं नाव आणि पैसे कुठे पाठवायचे तो पत्ता

'प्रमाणित' या शब्दावर माझी मैत्रीण अडली. तिनं घटस्फोटाच्या फाइलमधली प्रत सुंदर रंगीत कॉपी करून पाठवली, शिक्काही ठळक दिसत होता. महिन्याभरानं पाकीट परत आलं. हवी होती ती क्लार्कनं स्वतः शिक्का मारून, सही करून दिलेली ताजी प्रत. काउंटीच्या कोर्टात खिडकीवर गेली, थोडी फी भरली, वीस मिनिटांत काम झालं. ती म्हणते दोन प्रती घ्याव्यात. मी म्हणते तीन.

नोंदणी झाली की समोरच्याला नोटीस जाते. आक्षेप घ्यायला बहुतेक राज्यांत २० दिवस मिळतात. आक्षेपही मोजकेच चालतात: मूळ कोर्टाला माझ्यावर अधिकारच नव्हता, ऑर्डर फसवून मिळवली, ती नंतर बदलली किंवा रद्द झाली, पैसे आधीच दिले आहेत, वसुलीची मुदत उलटली. "ती मला मुलीला भेटू देत नाही" हा आक्षेप त्या यादीत नाही. २० दिवस गप्प बसला तर ऑर्डर कायम होते आणि नंतर हेच मुद्दे काढता येत नाहीत. असं पाकीट तुमच्या दारी आलं, तर ते फ्रिजवर चिकटवून ठेवू नका.

तुम्हाला तिकडे जावं लागतं का? सहसा नाही. फोनवर किंवा व्हिडिओवर जबानी देता येते, कायद्यातच तशी सोय आहे. युइफ्साखाली अर्ज करणाऱ्याकडून कोर्टाची दाखल फी घेत नाहीत. आणखी एक: तुमचा पत्ता समोरच्याला कळण्यात तुम्हाला किंवा मुलाला धोका असेल, तर शपथपत्र देऊन तो झाकून ठेवता येतो. घरात मारहाण झाली असेल तर हे पहिल्याच दिवशी सांगा. एकदा कागदावर छापला गेलेला पत्ता परत घेता येत नाही.

एजन्सी की वकील?

१९७५ पासून केंद्राच्या मदतीनं प्रत्येक राज्यात चाइल्ड सपोर्ट एजन्सी चालते. तिथे कुणालाही अर्ज करता येतो, उत्पन्न कितीही असो. आपल्या लोकांचा उगाचच समज असतो की ते फक्त गरिबांसाठी आहे. ज्यांनी कधी सरकारी रोख मदत घेतलेली नाही त्यांच्या केसमध्ये वर्षाला ३५ डॉलर फी लागते, तीही वर्षात ५५० डॉलर वसूल करून दिल्यावरच. तुम्ही आपल्याच राज्याच्या एजन्सीकडे जायचं, ती समोरच्या राज्याशी बोलते. केस तयार झाली की २० दिवसांत तिकडे पाठवायची आणि तिकडच्या केंद्रीय नोंदणी ऑफिसनं १० कामाच्या दिवसांत पोच द्यायची, असा नियम आहे. ती पोच मागून घ्या, नंबर लिहून ठेवा. पोच आल्यानंतर मात्र फाइल कुणाच्या तरी टेबलावर निवांत पडू शकते, म्हणून दर महिन्याला एक फोन. एजन्सी तुमची वकील नसते, ती राज्याची असते, हेही ध्यानात असू द्या. पगारदार माणसाकडून साधी वसुली असेल तर एजन्सी पुरते. रक्कम बदलण्याचा वाद, लपवलेला धंदा, दोन राज्यांत दोन वेगळ्या ऑर्डरी असं काही असेल तर पैसे खर्चून वकील घ्या, आणि तोही ज्या राज्यात काम होणार तिथला.

ऑर्डर अजून झालीच नसेल तर

वर लिहिलेलं सगळं ऑर्डर हातात आहे असं धरून होतं. ती नसेल तर पहिला प्रश्न हा, की तुमच्या राज्याच्या कोर्टाला त्या दुसऱ्या राज्यातल्या माणसावर अधिकार आहे का? १९७८ च्या कुल्को खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. बाप न्यूयॉर्कचा, आई कॅलिफोर्नियाला गेलेली. बापानं मुलीला तिच्याकडे राहायला जाऊ दिलं, एवढ्यावरून कॅलिफोर्नियाला त्याच्यावर सपोर्टचा दावा चालवता येणार नाही, असा निकाल लागला.

युइफ्सात यासाठी ठरावीक दुवे दिलेले आहेत. तो माणूस तुमच्या राज्यात कधी मुलासोबत राहिला होता, त्याच्याच वागण्यामुळे किंवा सांगण्यावरून मूल तिथे आलं, त्याला त्या राज्यात असताना समन्स हातात दिलं, किंवा तो स्वतःहून कोर्टापुढे आला, यांतलं काही असेल तर घरबसल्या दावा चालतो. नसेल तर अर्ज आपल्या एजन्सीमार्फत त्याच्या राज्यात पाठवायचा.

थकबाकी वाढत गेली तर

केंद्राचा टॅक्स रिफंड अडवता येतो. त्यासाठी ५०० डॉलरची थकबाकी पुरते, आणि कुटुंबाला सरकारी रोख मदत मिळत असेल तर १५०. थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की अमेरिकन पासपोर्ट मिळत नाही, नूतनीकरणही होत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स आणि व्यवसायाचं लायसन्स राज्य निलंबित करू शकतं. मूल दुसऱ्या राज्यात असताना, ऐपत असून जाणूनबुजून एक वर्षाहून जास्त काळ पैसे थकवले किंवा थकबाकी ५,००० डॉलरच्या वर गेली, तर तो केंद्रीय गुन्हा आहे. दोन वर्षं किंवा १०,००० डॉलर ओलांडले तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत. असे खटले फार थोडे होतात, त्यावर भिस्त ठेवू नका.

हातात भारतीय पासपोर्ट असलेल्याला पासपोर्टची भीती नाही, पण ग्रीन कार्डवरून नागरिकत्वाकडे जायचं असेल तर दुसरी आहे. मुलांचा खर्च मुद्दाम टाळला असेल तर अर्जातल्या 'गुड मॉरल कॅरेक्टर'वर, म्हणजे चांगल्या चारित्र्याच्या अटीवर, बोट ठेवलं जातं.

देणाऱ्याच्या बाजूनं एक शब्द

नोकरी गेली, नव्या राज्यात पगार कमी मिळाला, तर रक्कम कमी करून मागण्यात काही गैर नाही. मात्र ज्या दिवशी कळलं त्या दिवशी अर्ज टाका. १९८६ च्या ब्रॅडली दुरुस्तीमुळे तारीख उलटलेला प्रत्येक हप्ता कोर्टाच्या निकालाइतका पक्का होतो. न्यायाधीशाला कितीही वाईट वाटलं तरी तो मागे जाऊन माफ करता येत नाही. रक्कम कमी होते ती फार तर अर्जाची नोटीस समोर पोचल्यापासून. "आम्ही फोनवर ठरवलं होतं, वर्षभर निम्मेच देईन" असं सांगणाऱ्या माणसाच्या नावावर उरलेले निम्मे उभेच असतात, आणि काही राज्यांत व्याजासकट. कॅलिफोर्नियात ते १० टक्के आहे. व्याज मूळ राज्याच्या दरानं चढतं, म्हणजे ते राज्य सोडूनही सुटका नाही.

मुलाला भेटायचा विमानखर्च वाढला असेल तर तो अर्जात मांडा, बरीच राज्यं रक्कम ठरवताना तो विचारात घेतात. कस्टडी आणि भेटीचे दिवस यांचा कायदा मात्र वेगळा आहे, त्याचं कोर्टही वेगळ्या राज्यात असू शकतं. पैसे आले नाहीत म्हणून मूल अडवायचं नाही, आणि मूल दिसलं नाही म्हणून पैसे.

आणि कुणी भारतात परतलं तर

सपोर्टच्या परदेशी वसुलीसाठीचा २००७ चा हेग करार अमेरिकेत २०१७ पासून लागू आहे, पण भारत त्यात नाही. अमेरिकन कोर्टाची ऑर्डर भारतात थेट बजावता येत नाही, तिच्या आधारे तिथे वेगळा दावा करावा लागतो. अमेरिकेतला पगार, घर, बँक खातं यांवरची वसुली मात्र चालूच राहते. एक पालक अमेरिकेबाहेर आणि दुसरा दुसऱ्या राज्यात गेला असेल, तर रक्कम बदलायचा अधिकार मूळ राज्याकडेच राहतो, तिथे आता कुणीही राहत नसलं तरी.

मैत्रिणीच्या एक्सनं टेक्सासात अर्ज टाकला होता, तो अधिकार नाही म्हणून फेटाळला गेला. मग त्यानं न्यू जर्सीत टाकला. पगार खरंच थोडा उतरला होता, स्लिपा जोडल्या होत्या, कोर्टानं रक्कम थोडी कमी केली. अर्ध्याच्या कुठे जवळपासही नाही. त्याच आठवड्यात टेक्सासच्या कंपनीकडून कापलेला पहिला हप्ता तिच्या खात्यात दिसला.